खाडा कुठे मांडायचा?

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही बुटीबोरीहून बोलतो आहोत. आमचा गट डबे करतो. इथे एमआयडीसी आहे हे तुम्हाला माहीत आहेच. नागपूरहून वर्ध्याकडे निघाले की धुराडी दिसू लागतात, तेच आमचे गाव. टायरचा कारखाना आहे, धाग्याचे आहेत, लोखंडाचे आहेत. काम तीन पाळ्यांत चालते. कामाला माणसे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाहून येतात, तशी आपल्या गडचिरोली, भंडाऱ्याहूनही येतात. एका खोलीत चार-चारजण राहतात. घरची बाई जवळ नाही, मग पोळी कोण करणार? ती आम्ही करतो. पहाटे साडेचारला आमच्या शेगड्या पेटतात.

आज मात्र स्वयंपाकाबद्दल बोलायचे नाही. आज बोलायचे आहे ते ॲपबद्दल. थांबा, रेडिओ बंद करू नका! आम्हीही आधी असेच म्हणालो होतो. आमच्यातली सगळ्यात मोठी आजी तर सरळ म्हणाली, "कायले पायजे ॲप? वही काय मेली का?" पण ऐका. तुमचा गट मसाले करत असेल, शिवणकाम करत असेल, शेळ्या पाळत असेल, आज ना उद्या तुमच्या दारातही कुणी येईल आणि म्हणेल, ताई, तुमच्यासाठी ॲप बनवून देतो. तेव्हा काय विचारायचे, हे आम्ही एकदा पैसे घालवून आणि एकदा पैसे वाचवून शिकलो.

आधी खाडा म्हणजे काय ते सांगतो. महिन्याचा डबा लावलेला माणूस ज्या दिवशी जेवत नाही, त्या दिवसाचे पैसे कापायचे. तो दिवस म्हणजे खाडा. खाडा वेळेवर कळला तर आम्ही कणीक कमी भिजवतो. उशिरा कळला तर सहा पोळ्या उरतात, त्यांचा दुसऱ्या दिवशी कुस्करा करून आमच्याच घरचे खातात. आणि कळलाच नाही, तर महिनाअखेरीस भांडण. "मी त्या दिवशी सांगितले होते." "नाही सांगितले." धंद्यात आमची जितकी भांडणे झाली, त्यातली बहुतेक खाड्यावरून. भाजीत मीठ जास्त पडले म्हणून कोणी भांडत नाही बघा.

वहीत खाडे मांडत होतो तोपर्यंत चाळीस डबे होते. डबे वाढले तसे लोक व्हॉट्सॲपवर खाडा कळवू लागले. कोणी "नो टिफिन" लिहितो, कोणी नुसता हात जोडल्याचे चित्र पाठवतो, कोणी बोलून पाठवतो आणि मागे यंत्राचा इतका आवाज की ऐकू काही येत नाही. शंभर संदेशांतून खाडे वेचायचे म्हणजे तांदळातले खडे वेचल्यासारखे, आणि तेही हात पिठात असताना.

म्हणून आम्ही पहिले ॲप करून घेतले. शहरातल्या एका माणसाने बनवून दिले. नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता. वर्षभर ते छान चालले. मग त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, फोन उचलणे कमी झाले, मग बंदच झाले. त्यानंतर एक गंमत सुरू झाली. जुन्या फोनवर ॲप चाले, पण नवा फोन घेतलेल्या माणसाला प्ले स्टोअरमध्ये ते सापडेच ना. आम्हाला वाटले, आपलेच काही चुकते आहे. नंतर कळले की गूगलचा नियम आहे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती निघते, तसे ॲपही त्या मानाने अद्ययावत करावे लागते. केले नाही, तर नव्या फोनवाल्यांना ते स्टोअरमध्ये दाखवत नाहीत. म्हणजे ॲप हे एकदा बांधले की झाले, असे ओट्यासारखे नाही. ते मातीच्या घरासारखे आहे, दर पावसाळ्याआधी लिंपावे लागते.

आणि लिंपायला आमच्या हातात काहीच नव्हते. ॲपचा मूळ मजकूर, ज्याला ही मंडळी कोड म्हणतात, तो त्याच्याकडे. प्ले स्टोअरचे खाते त्याच्या नावाने. हिशेब ज्या संगणकावर साठत होता, त्याचे भाडे तो भरत होता, ते त्याने भरणे थांबवले. एका सकाळी ॲप उघडले तर नुसते पांढरे पान. त्या महिन्याचे सगळे खाडे आत. वही आम्ही तोवर सोडून दिली होती, आजीचे न ऐकता. मग काय करणार? जेवणाऱ्यांनाच विचारले, बाबा, तूच सांग तुझे किती खाडे. बहुतेकांनी खरे सांगितले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण परक्या मुलखातल्या पोरांबद्दल लोक काहीबाही बोलतात. तरी त्या महिन्यात गटाला तोटा आला, आणि तो भरून काढायला आमच्या दोघींनी आपल्या बचतीतून पैसे घातले.

तर दुसऱ्यांदा ॲप करायचे ठरले, तेव्हा आम्ही दुधाने तोंड पोळल्यासारख्या झालो होतो. तिघांना विचारले. तिघांनी तीन नावे सांगितली. एक म्हणाला फ्लटरमध्ये करा. दुसरा म्हणाला रिॲक्ट नेटिव्ह. तिसरा म्हणाला ॲप नकोच, वेबपान करा. प्रत्येकजण आपलेच वाण चांगले म्हणत होता, बियाण्याच्या दुकानात मृगाच्या आधी म्हणतात तसे. पहिल्या दोघांनी सांगितलेल्या रकमेत कणीक मळायची दोन यंत्रे आली असती. बैठकीत एकीने हेच म्हटले, आणि सगळ्या गप्प झाल्या, कारण कणीक मळून मळून मनगट दुखत नाही अशी आमच्यात एकही नाही.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी नागपूरला इंजिनिअरिंग शिकते. तिला दिवाळीच्या सुटीत बसवून घेतले. म्हटले, पोरी, चकल्या खा आणि आम्हाला समजेल असे सांग. ती हसली. म्हणाली, "काकू, फोन दोन जातीचे. एक अँड्रॉइड, दुसरा आयफोन. अँड्रॉइडचे ॲप कोटलिन नावाच्या भाषेत लिहितात, आयफोनचे स्विफ्टमध्ये. दोन्हीसाठी वेगवेगळे करायचे तर एकच जेवण दोन स्वयंपाकघरांत दोनदा रांधल्यासारखे. खर्च दुप्पट. म्हणून लोकांनी युक्ती काढली, एकदाच लिहायचे आणि दोन्हीकडे चालवायचे. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह या त्या युक्त्या आहेत."

मग त्या दोघींत फरक काय? इथे आम्हीच तिला अडवले आणि लग्नातल्या आचाऱ्याचा दाखला दिला, तो तिलाही पटला. तुम्हीही बघा पटतो का.

एक आचारी असा असतो, की येताना आपली कढई, झारे, शेगडी, परात, सगळे टेम्पोत घालून आणतो. तुमच्या घरात काय आहे, याच्याशी त्याला घेणे नाही. त्याच्या बुंदीचे रूप सगळीकडे सारखे. हे फ्लटर. गूगलने काढले, पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली, भाषा डार्ट. पडद्यावरचे बटण, अक्षर, रंग, सगळे ते स्वतः काढते. म्हणून सगळ्या फोनवर सारखे दिसते. पण टेम्पो भरून सामान येते म्हणजे जागाही लागते.

दुसरा आचारी हात हलवत येतो. यजमानाच्या घरची भांडी घेतो आणि त्यांतच रांधतो. हे रिॲक्ट नेटिव्ह. फेसबुकने २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुले केले. फोनची स्वतःची बटणे ते वापरते, म्हणून ज्या त्या फोनवर घरच्यासारखे दिसते. पण घरोघरची भांडी वेगळी, त्यामुळे कुठे झाकण बसत नाही, कुठे कढईचा कान तुटका. याची भाषा जावास्क्रिप्ट, जी वेबपाने लिहिणाऱ्या सगळ्यांना येते.

आणि वेबपान म्हणजे आचारी घरी आणायचाच नाही, खानावळीत जाऊन जेवायचे. ती खानावळ म्हणजे क्रोम, जे तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहे. एक दुवा उघडायचा, "होम स्क्रीनवर जोडा" म्हणायचे, की ॲपसारखे चित्र फोनवर येऊन बसते. नीट लिहिले असेल तर नेटवर्क नसतानाही ते उघडते, कारण लागणारी पाने ते फोनमध्ये साठवून ठेवते. या प्रकाराला प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हणतात. हे नाव २०१५ मध्ये दोघांनी मिळून ठेवले, त्यातली एक बाई होती, फ्रान्सिस बेरिमन. पोरीने हे सांगितले तेव्हा आमची आजी म्हणाली, "पाहा, नाव ठेवायचे काम बाईकडेच." असो.

आम्ही विचारले, मोठ्या कंपन्या काय वापरतात? आपल्याला वाटते, मोठ्यांनी केले ते बरोबरच असणार. तर ऐका. फेसबुकने आधी सगळा भर वेबपानाच्या पद्धतीवर दिला, आणि २०१२ मध्ये त्यांच्या मालकानेच ती मोठी चूक झाली असे जाहीर सांगितले. घरे भाड्याने देणारी एअरबीएनबी नावाची कंपनी आहे, तिने २०१६ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह घेतले आणि २०१८ मध्ये सोडले. कारण एकदा लिहून दोन्हीकडे चालेल म्हणता म्हणता त्यांना अँड्रॉइडवाले, आयफोनवाले आणि रिॲक्टवाले, अशी तिन्ही माणसे सांभाळावी लागली. शेअर बाजारातल्या आपल्या झिरोधाने काइट ॲप रिॲक्ट नेटिव्हमधून काढून फ्लटरमध्ये नेले. गूगल पे, ज्याने तुम्ही भाजीचे पैसे देता, तेही गूगलने फ्लटरमध्ये नव्याने लिहिले. आणि फ्लिपकार्टने २०१५ मध्ये फोनवरची वेबसाइट बंद करून सगळ्यांना ॲपकडे पाठवले, मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्ट लाइट म्हणून वेबपान परत आणले. म्हणजे मोठेही उलटसुलट करतात. फरक इतकाच, की चुकले तर त्यांना परवडते.

अवजारेही मरतात, हे आम्हाला नवीन होते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विकत घेतलेले झमारिन नावाचे असेच अवजार होते. १ मे २०२४ पासून त्याला मिळणारी मदत थांबली. फोनगॅप म्हणून होते, ते अडोबीने २०२० मध्ये गुंडाळले. ज्यांनी त्यांत ॲप केले होते, त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले. मग आम्ही म्हटले, अवजाराचे नाव बाजूला ठेवा. कास्तकार आधी वावर पाहतो, काळी जमीन की बरड, मग वाण ठरवतो. आपले वावर कोणते? आपले फोन.

एका दुपारी, डबे गेल्यावर, सतरंजी अंथरली आणि सगळ्यांनी आपापले फोन तिच्यावर मांडले. ही दुपार आम्ही विसरणार नाही. एकमेकींच्या फोनकडे अशा नजरेने कधी पाहिलेच नव्हते. दोघींचे फोन मुलांनी वापरून सोडलेले. एकीचा पडदा कोपऱ्यात फुटलेला, आणि नेमके तिथेच "ओके"चे बटण येते, त्यामुळे ती फोन आडवा करून ओके म्हणते. तिघींच्या फोनमध्ये तसूभर जागा नव्हती. उघडून पाहिले तर सगळी जागा सुप्रभातच्या फुलांनी आणि नातवंडांच्या व्हिडिओंनी खाल्लेली. एकीचा फोन तिचा नव्हताच, नवऱ्याचा होता, तो संध्याकाळी सातनंतरच मिळतो. आता सांगा, सकाळी नऊचा खाडा ती कोणत्या ॲपवर पाहणार? हे कोणत्याही इंजिनिअरने विचारले नव्हते, आम्हीच सांगितले नव्हते, आणि त्या बाईने आजवर कधी बोलून दाखवले नव्हते.

मग जेवणाऱ्यांचे फोन. डबा पोहोचवताना आम्ही एकेकाला विचारत गेलो. जवळपास सगळे अँड्रॉइड, बरेचसे स्वस्तातले. आयफोनवाले अगदी थोडे, तेही सुपरवायझर लोक. तेवढ्यांसाठी वेगळा खर्च करायचा का, हा प्रश्न तिथेच सुटला. आयफोनच्या स्टोअरमध्ये ॲप ठेवायला ॲपल कंपनी दर वर्षी ९९ डॉलर घेते, गूगल एकदाच २५ डॉलर घेते. शिवाय आयफोनचे ॲप बांधायला ॲपलचाच संगणक लागतो, स्वतःचा किंवा भाड्याचा. आणखी एक गोष्ट कळली. पुष्कळ कारखान्यांत फोन गेटवर जमा करतात. माणूस पाळीला आत गेला की आठ तास फोन नाही. म्हणजे खाडा कळवायचा तो पाळीच्या आधी, चालता चालता, एका हाताने. चार बटणे दाबायला लागली तर तो दाबणार नाही.

फोन न पाहता ॲप दिले की काय होते, हे आपण महाराष्ट्रात पाहिलेले आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंगणवाडी सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारने दिलेले फोन परत केले होते, आठवते ना? पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, फोनची मेमरी दोन जीबी, फोन तापायचा, अडकायचा, आणि माहिती भरली नाही तर बोल सेविकेलाच. काम करायला नकार नव्हता त्यांचा. कामासाठी दिलेले हत्यार कामाचे नव्हते. आणि बायांना ॲप जमत नाही असेही कोणी म्हणू नये. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपमधून भरताना आपल्यातल्या कितीजणींनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फॉर्म भरला. आमच्या वस्तीत तर आमच्यातल्या दोघींनी आख्ख्या गल्लीचे भरून दिले.

पोरीने मग दोन नमुने करून आणले. एक फ्लटरमध्ये, एक वेबपान. दोन्हींत काम एकच, मोठे लाल बटण, "आज डबा नको". एक आठवडा दोन्ही वापरून पाहिले. खरे सांगायचे तर फ्लटरचे दिसायला गोड होते. बोट लावले की लोण्यासारखे सरकायचे. वेबपान जरा अडखळायचे, विशेषतः जुन्या फोनवर पहिल्यांदा उघडताना. पण ज्या तिघींच्या फोनमध्ये जागा नव्हती, त्यांच्या फोनवर फ्लटरचे ॲप उतरलेच नाही, आधी नातवंडांचे व्हिडिओ काढावे लागले, आणि त्यातली एक त्या दिवशी जेवली नाही. वेबपान मात्र तिघींच्या फोनवर उघडले.

आमच्या अध्यक्ष ताईंना ॲपच हवे होते, प्ले स्टोअरमध्ये गटाचे नाव दिसले पाहिजे. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. बाईच्या धंद्याचे नाव कुठेतरी चारचौघांत दिसावे, याला किंमत आहे. त्यावर दोन बैठका गेल्या, आवाजही चढले. दुसरे असे, की आजकाल दुवा पाठवला की माणूस घाबरतो, फसवणूक समजतो, आणि ते बरोबरच आहे. पण स्टोअरवाल्या एकाने तर आम्हाला सुचवले होते, की स्टोअरचा खटाटोप नको, मी एपीके फाइल देतो, तुम्ही व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवून द्या. याला आम्ही सगळ्यांनी एकमताने नाही म्हटले. मैत्रिणींनो, लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल येते, उघडली की फोन चोराच्या हातात आणि खाते रिकामे, हे प्रकार तुम्ही ऐकले असतील. जेवणाऱ्या पोरांना आज आम्ही "आमची एपीके उघड" म्हणून शिकवायचे, आणि उद्या ते चोराची उघडतील. अशी फाइल कोणीही पाठवली, अगदी भावाच्या नंबरवरून आली, तरी उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितके बरे.

शेवटी वेबपान ठरले. दुव्याची भीती घालवायला आम्ही दुवा पाठवतच नाही. डब्याच्या झाकणावर चौकोनी क्यूआरचे चित्र चिकटवले आहे, डबा आमचा, म्हणून विश्वास. अध्यक्ष ताईंना सांगितले, डबे दुप्पट झाले की स्टोअरचे ॲप करू. त्यांनी ते कार्यवृत्तात लिहून घेतले.

वेबपान ठरण्याचे दुसरे कारण दुरुस्ती. पोरगी उद्या नोकरीला लागेल, लागलीच पाहिजे. मग कोण? नागपुरात इतकी इंजिनिअरिंग कॉलेजे, जावास्क्रिप्ट येणारा पोरगा किंवा पोरगी सहज मिळते. डार्ट येणारे शोधावे लागतात. रिॲक्ट नेटिव्हचीही भाषा तीच, म्हणून पुढे ॲप केले तर शिकलेले वाया जाणार नाही, असे पोरीचे म्हणणे. आम्हाला ते पटते, पण फ्लटरवाल्याने यावर वाद घातला असता, हेही खरे. ज्या गटाला पडद्यावर चित्रे सरकवायची आहेत, नकाशा लागतो, छापायचे छोटे यंत्र फोनला जोडायचे आहे, त्यांनी वेबपानावर अडून बसू नये. आमचे काम एका लाल बटणाचे आहे.

कागद मात्र या वेळी पक्का केला. कोड गटाच्या खात्यात राहील. वेबपानाचा पत्ता गटाच्या नावाने घेतला, त्याचे वर्षाचे पैसे गट भरतो, पासवर्ड सचिव ताईंच्या वहीत आणि ती वही कपाटात. दर रविवारी सगळे खाडे एका तक्त्यात उतरवून घ्यायचे, जो कोणत्याही संगणकावर उघडेल. बनवणाऱ्याला, मग ती घरची पोरगी का असेना, पैसे तीन टप्प्यांत. घरची म्हणून फुकट करून घ्यायचे नाही, हे आमच्या बायांनीच ठरवले. तिची आई "राहू द्या" म्हणत होती, तिला गप्प बसवले.

आणि एक गोष्ट, जी आमच्या डोक्यात फार उशिरा आली. पहिल्या नमुन्यात प्रत्येक जेवणाऱ्याचे नाव, फोन, खोली नंबर आणि पाळी असे सगळे एका पानावर दिसत होते. डबा पोहोचवायला सोयीचे. मग एकजण म्हणाली, अगं, ही यादी कोणाच्या हाती लागली तर? कोणती खोली रात्री अकरा ते सात रिकामी असते, हे यात लिहिले आहे. आमच्याकडे काही मुलीही जेवतात, त्या खोली करून राहतात. त्या कोणत्या पाळीला परत येतात, तेही यात लिहिले आहे. ऐकून अंगावर काटा आला. आता वेबपानात फक्त डबा क्रमांक आहे. खोली आणि पाळी पोहोचवणाऱ्या बाईच्या डोक्यात आणि वहीत. २०२३ मध्ये लोकांच्या माहितीच्या रक्षणासाठी कायदाही झाला आहे म्हणतात पोरगी, पण आम्हाला ते कायद्याआधी त्या मुलींच्या तोंडाकडे पाहून कळले.

सगळे गोड झाले असे समजू नका. दुसऱ्याच महिन्यात एका फोनवर "फोन साफ करा" म्हणणारे कसलेसे ॲप होते, त्याने क्रोमची साठवण पुसून टाकली. त्या सकाळी नेटवर्क नव्हते, खाडे फोनमध्येच होते, वर पोहोचले नव्हते, ते गेले. वेबपानाची ही उणीव आहे, पोरीने आधी सांगितली होती, आम्ही लक्ष दिले नव्हते. आता खाडा वर पोहोचला की हिरवी खूण येते, आणि हिरवी आल्याशिवाय फोन खाली ठेवायचा नाही असा नियम आहे. आयफोनवाल्या एका सुपरवायझरला सूचना येतच नव्हत्या. तिथे वेबपान आधी होम स्क्रीनवर जोडावे लागते, आणि फोनची आवृत्तीही २०२३ मधली किंवा त्यानंतरची लागते. त्याची जुनी आहे. तो अजूनही फोन करून खाडा सांगतो. सांगू दे.

ज्या बाईचा फोन सातनंतर मिळतो, तिच्यासाठी स्वयंपाकघरात भिंतीला एक जुना फोन चार्जरसकट टांगला आहे. नऊ वाजता त्यावर एकच आकडा मोठ्या देवनागरीत येतो, आज किती डबे. तिला तेवढेच लागते. आकडा पाहते आणि परातीत पीठ घेते.

आता छठ येते आहे. बिहारकडची पोरे एकदम गावी जातात, तीस-चाळीस खाडे एका दिवशी, आणि ते आठ-दहा दिवसांचे. लाल बटण रोज दाबायला ती गाडीत थोडीच बसणार आहेत? म्हणून पोरीने "या तारखेपासून या तारखेपर्यंत" असे नवे खाने टाकले आहे. ते चालते की नाही, छठला कळेल. आजीने वहीत त्या दिवसांच्या रेघा मारून ठेवल्या आहेत.